खाजन: भरतीच्या पातळीखालची शेती कशी चालते आणि कशी बुडते

गोव्यातली सुमारे 18,000 हेक्टर जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. राज्याचं एकूण क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर, त्यातला हा जवळजवळ विसावा भाग. तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा या तालुक्यांत मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठाने ही खाजन जमीन पसरली आहे. भर उधाणाच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका बाजूला नदी तुडुंब दिसते आणि दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याच्या पातळीपेक्षा मीटरभर खाली, भात उभं असतं.

गोव्याबाहेरच्या लोकांना समुद्रकिनारा माहीत असतो, खाजन माहीत नसतं. पण गावाची सत्ता कोणाकडे होती, देवळाचा खर्च कुठून निघायचा, बाजारातले चणक मासे आणि सुंगटं म्हणजे कोळंबी कुठून यायची, मगर बांधाजवळ का राहते, हे सगळे प्रश्न फिरून खाजनापाशीच येतात. म्हणून आधी ही व्यवस्था चालते कशी ते नीट पाहू.

गोव्याच्या नद्या शेवटच्या टप्प्यात फार सपाट आहेत. मांडवी-झुआरीत भरतीचा जोर मुखापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. साधारण साडेबारा तासांनी भरती येते, म्हणजे दिवसातून दोनदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा तो निम्म्यावर येतो. खाजनातलं प्रत्येक काम या पंधरवड्याच्या हिशोबाने ठरतं.

दुसरा हिशोब मिठाचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. जमिनीतल्या ओलाव्यात लिटरमागे दोन ग्रॅमच्या पुढे मीठ गेलं की साध्या भाताचं उत्पन्न घटायला लागतं. मे महिन्यात नदीत वरून गोडं पाणी जवळजवळ येतच नाही आणि खारं पाणी खूप आत शिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट: वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि आतल्या भागात नदीच गोडी होते. वर्षातले हे चार महिने भाताचे आणि उरलेले माशांचे, अशी वाटणी निसर्गाने करून दिली आहे. खाजन बांधणाऱ्यांनी ती ओळखली आणि एकाच जमिनीतून दोन पिकं काढली.

बांध, पोंय आणि मानस

बाहेरचा बांध चिखलाचा. चिखल नदीच्या गाळातून ठोकळे कापून आणतात, त्यात गवत-पेंढा मिसळतात, बांबूच्या मेखांचा आधार देतात आणि थरावर थर रचत नेतात. एक थर बसून घट्ट झाल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. लाटांचा मार बसतो त्या बाजूला जांभ्या दगडाचा थर लावतात. माथा सगळ्यात मोठ्या उधाणापेक्षा निदान हात-दीड हात उंच हवा, कारण जुलैत नदीला पूर आणि उधाण एकत्र येतात आणि वरून वारा लाटा ढकलतो. बांधाच्या नदीकडच्या अंगाला कांदळ, तिवर, चिपी या खारफुटीच्या झाडांची रांग ठेवायची. त्यांची मुळं गाळ धरतात आणि लाटेचा जोर बांधापर्यंत येण्याआधी मोडतात. बांधावर मात्र झाड वाढू द्यायचं नाही, कारण झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं.

आत शेतांच्या मधून पाण्याचे फाटे जातात आणि ते सगळे एका खोलगट भागात येऊन मिळतात. तो पोंय. पावसाचं पाणी आधी तिथे साठतं आणि बाहेर पडण्यासाठी ओहोटीची वाट पाहतं. मासेही तिथेच राहतात. पोंय गाळाने भरला की पाणी साठायला जागा उरत नाही आणि थोड्या पावसातही सखल शेतं बुडतात. दर दोन-चार वर्षांनी तो उपसावा लागतो. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून तेच सगळ्यात आधी मागे पडतं.

पोंय आणि नदी यांच्यामध्ये मानस. मानस म्हणजे बांधात बसवलेलं दार: चिऱ्यांच्या भिंती, मध्ये एक किंवा अधिक गाळे आणि प्रत्येक गाळ्यात लाकडाची झडप. झडप फक्त नदीच्या बाजूला उघडते. भरती चढू लागली की नदीचं पाणी तिला चौकटीवर दाबून बंद करतं. ओहोटीला नदी पोंयाच्या पातळीखाली गेली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. रात्री दोन वाजता ओहोटी असली तरी कोणी जागं राहायला लागत नाही. ना मोटार, ना वीज.

मानसाला किती काम करावं लागतं याचा अंदाज घ्या. 50 हेक्टरच्या खाजनात एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50,000 घनमीटर पाणी साठतं. डोंगरावरून वाहून येतं ते वेगळं. दिवसात दोन ओहोट्या, प्रत्येकीत समजा पाच तास झडप उघडी राहिली, तर त्या दहा तासांत सेकंदाला जवळजवळ 1,400 लिटर पाणी बाहेर जायला हवं. गाळे कमी पडले किंवा एका गाळ्याची झडप अडकली, की उरलेलं पाणी भातावर उभं राहतं.

झडप अडकण्याची कारणं साधी असतात. फांदी, नारळाची झावळी, आणि आता सर्वात जास्त प्लास्टिक. चार बोटांची फट राहिली तरी भरतीचं पाणी तिच्यातून जोराने आत येतं, उंबरठ्याखालची माती खणून काढतं आणि काही दिवसांत मानसाचा पायाच उघडा पडतो. उंबरठ्याची उंचीही नेमकी लागते. तो उंच बसला तर पोंय पुरता रिकामा होत नाही, फार खाली बसला तर नदीचा गाळ झडपेपाशी साचतो आणि ती हलत नाही. लाकडी झडपांच्या जागी लोखंडी दारं बसवणं हा सोपा उपाय वाटतो, पण खाऱ्या पाण्यात साधं लोखंड लवकर गंजतं, बिजागऱ्या जाम होतात आणि आपोआप चालणारं दार ढकलून उघडावं लागतं. चांगलं लाकूड कायम ओलं राहिलं की पुष्कळ वर्षं टिकतं.

खाजनाचं वर्ष

मार्च-एप्रिलपासून खाजन कोरडं करायला सुरुवात होते. मानसातून खारं पाणी घेणं थांबवतात, बांधाची डागडुजी करतात, जमीन नांगरून ढेकळं उघडी ठेवतात. उन्हाने ओलावा उडतो आणि मीठ पृष्ठभागावर पांढरं दिसू लागतं. ते तसंच हवं असतं, कारण जूनचा पहिला जोराचा पाऊस तेच मीठ विरघळवून फाट्यांतून पोंयात आणि ओहोटीबरोबर नदीत नेतो. असं दोन-तीनदा धुतलं गेलं की जमीन पेरणीला येते. घाई केली तर कोंब पिवळे पडून जळतात. पाऊस लांबला तर मीठ पुन्हा वर चढतं आणि पेरणी दुबार करावी लागते.

जास्त कोरडं करणंही धोक्याचं असतं. ही जमीन मुळात कांदळवनाच्या चिखलाची; तिच्या खोल थरांत लोह आणि गंधकाची संयुगं असतात. ती पाण्याखाली असेपर्यंत निरुपद्रवी. चिखल खोलवर सुकून त्यात हवा शिरली की त्यांचं गंधकाम्ल बनतं आणि जमीन इतकी आंबट होते की भाताची मुळं खुंटतात. म्हणून भात कापल्यावर खाजनात पुन्हा पाणी घेणं हा माशांसाठीचा लाड नाही. जमिनीलाही त्याची गरज असते. वरची वीतभर माती वाळवायची आणि खालची ओली राखायची, ही कसरत जुन्या शेतकऱ्यांना नुसत्या ढेकळाच्या रंगावरून कळायची.

बियाणं कोरगुट या स्थानिक भाताचं. दिवसभर भिजवून, पोत्यात दाबून, कोंब आल्यावर ते चिखलावर फोकून पेरतात. कोरगुट उंच वाढतं, म्हणून दोन-चार दिवस पाणी तुंबलं तरी शेंडा वर राहतो. दाणा लालसर आणि लोंबीला कुसळं असतात. मीठ सहन करण्यात ते तरबेज, पण उत्पन्न हेक्टरी दीड-दोन टनांच्या आसपास, आणि वाऱ्यापावसात आडवं पडण्याची खोड. गोड्या जमिनीतल्या जया, ज्योती या वाणांशी ते टनांत स्पर्धा करू शकत नाही. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान या मालिकेतली खारं सोसणारी वाणं काढली. त्यांतली पहिली दोन कोरगुटातूनच निवडलेली आहेत. ती जास्त पिकतात. तरीही बांध फुटून दहा दिवस नदी आत राहिली, तर कुठलंही वाण टिकत नाही.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात कापणी होते. नोव्हेंबरपासून मानसाचं काम उलटं: भरतीला झडप मुद्दाम अडवून थोडं खारं पाणी आत घेतात. त्याबरोबर सुंगटांची पिल्लं, शेवटे, काळुंद्रं, चणक, खेकडे येतात. सुंगटं समुद्रात अंडी घालतात, पिल्लं भरतीवर स्वार होऊन खाडीत येतात, काही महिने वाढतात आणि मोठी झाली की ओहोटीबरोबर समुद्राकडे परतू पाहतात. म्हणून जाळं ओहोटीला लावायचं. उधाणाच्या रात्री मानसाच्या तोंडाला पिशवीसारखं लांब जाळं बांधतात, जवळ दिवा ठेवतात आणि पाणी बाहेर पडताना सुंगटं त्यात जमा होतात. कापलेल्या भाताची धसकटं कुजून पाण्यात माशांचं खाद्य तयार होतं, माशांची घाण पुढच्या भाताला खत होते. याच काळात काही खाजनांत मिठागरं चालतात. रायबंदर, आगरवाडा, हडफडे, नेरूल या गावांत ती होती, काही अजून आहेत. 1878 च्या अँग्लो-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचं नियंत्रण आलं, तिथून हा धंदा खाली गेला तो पुन्हा पूर्वपदाला आलाच नाही.

किल्ली कोणाच्या हातात

भाताला मानस बंद हवं, माशाला उघडं. इतका उघड विरोध एकाच दारात असताना ही व्यवस्था शेकडो वर्षं टिकली, याचं कारण दाराचा निर्णय एकाच मंडळीकडे होता.

ही शेती जुनी आहे. बांदिवड्याला सापडलेल्या, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातल्या अनिर्जितवर्मा राजाच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो. पुढे गावागावांत गावकारी उभी राहिली. गावातल्या मूळ घराण्यांची ती संस्था. जमीन तिच्या सामाईक मालकीची, शेतं ठरावीक मुदतीने पावणीत म्हणजे लिलावात दिली जायची, आणि आलेल्या पैशातून आधी बांध, मानस, देऊळ, गावचे नोकर यांचा खर्च निघून मग उरलेलं गावकारांत वाटलं जायचं. बांधाचा खर्च आधी, वाटणी नंतर, हा क्रम महत्त्वाचा होता. ज्यांची शेतं एका बांधाच्या आड येत, त्यांचा वेगळा गट असे, तो भौस. बांधावर राखणदार असायचा. बांध फुटल्याची हाक आली की घरटी माणूस टोपली घेऊन जायचा.

या व्यवस्थेचं गुणगान करताना एक गोष्ट झाकायला नको. गावकारीत सगळ्या गावाला आवाज नव्हता. चिखल वाहणारे, बांध रचणारे कुणबी आणि गावडे बहुतेक वेळा निर्णयाच्या बाहेर असत; बायकांना तर वाटाच नव्हता. खाजनाचं खरं तंत्र ज्यांच्या हातांत होतं, त्यांचं नाव कागदावर क्वचितच सापडतं.

1510 मध्ये पोर्तुगीज आले. महसूल हवा असेल तर गावकारी मोडून चालणार नाही, हे त्यांनी लवकर ओळखलं. 1526 मध्ये अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारीच्या चालीरीती लेखी नोंदवून घेतल्या. संस्थेचं नाव कोमुनिदाद झालं, सरकारचा हात वाढत गेला, पण बांधाची जबाबदारी गावातच राहिली.

मोठा बदल मुक्तीनंतर झाला. 1964 चा कूळ कायदा आणि पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला हक्क मिळाला. शतकांच्या अन्यायानंतर ते व्हायलाच हवं होतं. बांधांचं काय, याचं उत्तर 1975 च्या नियमांनी दिलं: कुळांच्या संघटना करायच्या, बांध-मानसाची देखभाल त्यांनी करायची, मासेमारीच्या पावणीचे पैसे त्यांच्याकडे यायचे. कागदावर हे नीट आहे. घोटाळा असा की पुढे अनेकांनी शेती सोडली, नोकरी धरली, काही परदेशी गेले, तरी संघटनेचे सभासद राहिले. शेती न करणाऱ्या सभासदाला भात पिको न पिको, पावणीची रक्कम मोठी आली की बरं वाटतं.

आता पावणी घेणाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याने एका हंगामाचे पैसे मोजले आहेत. जितकं पाणी आत-बाहेर जाईल, तितकी सुंगटं जाळ्यात. मग भरतीला सगळ्या झडपा पूर्ण उघडायच्या, पोंय काठोकाठ भरायचा आणि ओहोटीला एकदम सोडायचा. त्या झोताने आतल्या फाट्यांचे काठ ढासळतात, मानसाखाली खड्डा पडतो, खारं पाणी वरच्या शेतांत चढतं. जूनमध्ये झडपा लावायला तो उशीर करतो, कारण पहिल्या पावसात मासळी चांगली मिळते. एका वर्षी भात जळतं, दुसऱ्या वर्षी शेतकरी पेरतच नाही, तिसऱ्या वर्षी बांधाकडे कोणी फिरकत नाही. नद्यांतून खनिजाच्या बार्जेस दिवसरात्र चालायच्या, तेव्हा त्यांच्या लाटांनी बांध पोखरण्याची भर पडायची. पडीक खाजनात भराव टाकून रस्ता, घर, हॉटेल उभं करणारे शेवटी येतात.

बुडाल्यावर तिथे काय उगवतं

बांध फुटून खाजन सोडून दिलं की दोन-तीन वर्षांत तिथे तिवर आणि कांदळ उगवतात. हे वाईट म्हणता येत नाही. कांदळवनात मासे वाढतात, बगळे आणि खंड्या येतात, चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या 178 हेक्टरांत याचं भरघोस रूप पाहायला मिळतं. पण कायद्याच्या दृष्टीने कांदळवन आणि शेत यांत फरक आहे. किनारी नियमांत कांदळवनाला सर्वोच्च संरक्षण आहे, म्हणून पाच वर्षांनी शेतकऱ्याने परत यायचं ठरवलं तर स्वतःच्या शेतातली झाडं तो तोडू शकत नाही. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजनाचा वेगळा उल्लेख आहे: खाजनालगतची कांदळवनं राखायची, खाजनासाठी व्यवस्थापन आराखडा करायचा, बांधकामाला परवानगी द्यायची नाही. बांधाबाहेरचं कांदळवन राखणं आणि बांधाआडचं शेत जिवंत ठेवणं ही दोन्ही कामं एकाच आराखड्यात यायला हवीत, कारण पहिल्याशिवाय दुसरं टिकत नाही.

खाजनात इतरही रहिवासी आहेत. ऊद म्हणजे पाणमांजरं पोंयाच्या काठाने फिरतात आणि दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा टाकून जातात. त्यावरून त्यांचा वावर कळतो. कुंभारजुवेच्या कालव्यात, जो मांडवीला झुआरीशी जोडतो, मगर राहते. ती सहसा गोड्या पाण्यातली, इथे मात्र मचूळ पाण्यात टिकून आहे. दुर्भाट, बोरी या भागात पौष अमावास्येला बांधाजवळ चिखलाची मगर करतात, शिंपल्यांचे डोळे, काड्यांचे दात, आणि तिची पूजा करतात. या पूजेला मानगे थापणी म्हणतात. बांध राखावा, माणसा-गुरांना इजा होऊ नये, ही त्यामागची मागणी. हा मोसम बांधावर कामासाठी उतरण्याचाही असतो, तेव्हा ज्या चिखलात हात घालायचा त्याच चिखलातल्या जनावराची आठवण आधी होते.

रायगडकडच्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. अलिबाग-पेणच्या खारेपाटात बांध तसेच, दाराला तिथे उघाडी म्हणतात, आणि 1979 पासून महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा स्वतंत्र कायदा आहे. तिथेही दुरुस्ती सरकारी खात्याकडे गेल्यावर गावाचा हात सुटला आणि फुटलेला बांध निविदेची वाट पाहत राहू लागला. बांधाला निविदेपर्यंत थांबता येत नाही. भगदाड पडलं की दिवसातून चार वेळा त्यातून पाणी जातं, दोनदा आत, दोनदा बाहेर, आणि प्रत्येक वेळी ते रुंद आणि खोल होतं. पहिल्या दिवशी वीस माणसांनी बुजवता येणारी फट पंधरा दिवसांनी यंत्रालाही आवरत नाही.

बांधाची पाहणी आणि दुरुस्ती

पाहणी उधाणाच्या भर भरतीला करायची, आणि ती बांधाच्या आतल्या पायथ्याने चालत. खेकडे आणि उंदीर बांधात बिळं करतात. बाहेरून ती दिसत नाहीत, आत ओलसर डाग दिसतो. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर खूण करून ठेवायची आणि ओहोटीला बीळ खणून चिखलाने ठासून भरायचं. पाणी गढूळ येत असेल तर बांध आतून वाहून चालला आहे. ते काम त्याच ओहोटीला झालं पाहिजे.

भगदाड पडलंच, तर आधी दोन्ही टोकं बांबू आणि दगडांनी पक्की करायची, म्हणजे रुंदी वाढणार नाही. पूर्ण बंद करण्यासाठी भांगाचे दिवस निवडायचे, जेव्हा पाण्याचा जोर सगळ्यात कमी असतो. मेखांच्या दोन रांगा, त्यांच्यामध्ये चिखलाचे ठोकळे आणि पेंढा, आणि शेवटची फट ओहोटी संपता संपता बुजवायची. पुढच्या उधाणाच्या आत, म्हणजे साधारण सात दिवसांत, माथा पूर्ण उंचीला यायला हवा. यंत्राने काम करताना एक चूक नेहमी होते: लांबून चिखल आणायचा कंटाळा म्हणून तो बांधाच्या पायथ्याशीच खणला जातो. बांध वरून भरलेला दिसतो आणि पहिल्या पावसात त्याच खड्ड्यात घसरतो. नुसती काँक्रीटची भिंत घालणं ही दुसरी चूक. खालचा चिखल खचत राहतो, मातीचा बांध त्याबरोबर बसतो आणि वर भर घालता येते. भिंत तडकते आणि तडा पाण्याखाली असल्याने उशिरा सापडतो.

समुद्राची पातळी वाढते आहे, त्यात बांधाच्या उंचीची चर्चा बरीच होते. मानसाची होत नाही. नदीची सरासरी पातळी दहा सेंटिमीटर चढली तर प्रत्येक ओहोटीत झडप थोडी उशिरा उघडेल आणि थोडी लवकर बंद होईल. बांध कितीही उंच केला तरी पावसाचं पाणी बाहेर जायचा वेळ कमीच होणार. त्याला उपाय दोनच: पोंय खोल करून साठवण वाढवणं आणि मानसाला एखादा गाळा जास्त देणं. दोन्ही कामं भात कापल्यानंतर आणि मेच्या मध्यापर्यंतच करता येतात, आणि पावणीच्या करारात झडपा लावण्याची तारीख, आत घ्यायच्या पाण्याची पातळी आणि दंड लिहिल्याशिवाय ती टिकत नाहीत. पातळीची खूण मानसाच्या चिऱ्यावर कोरून ठेवली की वाद घालायला जागा उरत नाही.